मागच्या खोलीतलं नेट

सोम. ११ नोव्हें.
आजचा क्लास बुडाला. बुडाला कसला, यांनी बुडवला.
सकाळी अकराला अनघा मॅडमचा व्हिडिओ कॉल, मुंबईहून, नेहमीसारखा सोमवार-गुरुवारचा, यांना परत बोलायला शिकवण्याचा. पुढच्या खोलीत टेबलावर फोन उभा केला, हे समोर बसले. मॅडमनी कप दाखवला. "काका, हे काय आहे?" हे बघत राहिले. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. तेवढ्यात दारात यांचा दोस्त विठू. बंदरावरून थेट आलेला, पिशवीत बांगडे. मागे उभा राहून म्हणतो कसा, "कप रे जयवंता! कप! सांग मां, कप!" आणि हसला. वाईट मनाने नाही. त्याचे डोळेही भरलेले होते.
यांनी डाव्या हाताने फोन पालथा घातला. पाय ओढत मागच्या खोलीत गेले. दार लावलं.
तीस वर्षं देवगड बंदरावर माशांचा लिलाव पुकारलेला माणूस. जेटीच्या त्या टोकाला लाँचवाले यांचा आवाज ऐकून दर ओळखायचे. त्याला विठूने कप शिकवायचा.
बांगडे तळले. जेवले नाहीत.

गुरु. १४ नोव्हें.
पुढच्या खोलीत यायला तयार नाहीत. हाताला धरलं तर झिडकारला. मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मॅडमचा चेहरा एकदा आला, तोंड उघडं, तसाच थिजला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बावीस." यांना मीठ हवं असलं तरी बावीस, कंटाळा आला तरी बावीस. ऑगस्टमध्ये झटका आल्यापासून असंच. पाय बराच सुधारला, उजवा हात अर्धा. समजतं सगळं. आकडे येतात, शब्द येत नाहीत.
नेटचा राउटर पुढच्या खोलीत, मधे दोन भिंती आहेत, चिऱ्याच्या, हातभर जाड. मोबाईलची रेंज फक्त विहिरीपाशी, तीही वाऱ्यावर.
नंतर पुढच्या खोलीतून मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "काकी, सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. असे लागोपाठ बुडत राहिले तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. २८ तारखेच्या गुरुवारपर्यंत धरून ठेवते." गोड बोलल्या. पण बोलल्या.

शुक्र. १५ नोव्हें.
बाळा भावजी आले. यांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात, नेट दोन्ही घरांत एकच. म्हणाले, "वयनी, दादाक भायर बसवा. लोक येतत, बोलतत, तेनाच माणूस सुधारता."
म्हटलं, त्यांना नको आहे.
"त्यांका नको म्हणून? भितुर बसान दादा कुजतलो."
कुजतलो. हा शब्द दिवसभर कानात.

शनि. १६ नोव्हें.
मीच शिकवू म्हटलं. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत काढली, शेकडो पोरांना बोलतं केलं. जुने तक्ते काढले. आंब्याचं चित्र, बदकाचं चित्र. "हे काय?" म्हणून बोट ठेवलं. तो अंगणवाडीतलाच सूर माझा, लाडीक. माझ्याच कानाला लागला.
यांनी तक्ता घेतला आणि खिडकीतून बाहेर फेकला. नेम चांगला, डाव्या हाताने.
तक्ता उचलून आणला, परत माळ्यावर ठेवला. त्यांचं बरोबर आहे.
माळ्यावरच ते सापडलं. पहिल्या कंपनीचं नेट होतं तेव्हाचा राउटर. काळा, दोन शिंगांचा, प्लास्टिकच्या पिशवीत, वायरसकट. कंपनी बदलली तेव्हा परत न्यायला कोणी आलंच नाही. खाली आणून पुसला, लावला. हिरवा दिवा लागला.

रवि. १७ नोव्हें.
निलेशला फोन. म्हटलं, जुना राउटर चालू आहे, तो मधे ठेवला तर नेट मागे जाईल का?
"आई, ते एवढं सोपं नसतं. मी नाताळात येतो ना, तेव्हा नवीन मशीन घेऊन येतो. तोवर बाबांना समजाव."
पुण्यात बसून सगळं सोपं. नाताळ म्हणजे पाच आठवडे. म्हटलं, समजावणार नाही.
"मग काय करणार?"
बघते म्हटलं.
केबलवाला संतोषही येऊन गेला. मूळ राउटरच मागे सरकवून दे म्हटलं. "बाई, ती काचेची वायर, वाकली की मोडता. कंपनीक कळवूक होया. महिनो जायत." आणि जुना जोडता येईल का विचारलं तर हसला. "तुमका नाय जमाचा ता, बाई. उगाच सेटिंग बिघडात."
माझ्याच अंगणवाडीत नाक पुसायला शिकला हा.

सोम. १८ नोव्हें.
क्लास नाही.
राउटरच्या मागे बारीक भोक आहे. त्यात पिन घालून दहा आकडे मोजायचे, म्हणजे तो आधीचं सगळं विसरतो. निलेशने सांगितलं, नाखुशीने. हे खाटेवरून बघत होते. मी पिन दाबली, आणि यांनी मोजलं. एक ते दहा, खणखणीत. एक आकडा चुकला नाही.
दिवे विझले, परत लागले.
तळाशी चिकटवलेल्या कागदावर पत्ता आहे, आकड्यांचा. फोनमध्ये तो टाकला की राउटरच्या आतलं पान उघडतं. सगळं इंग्रजी. वहीत एकेक शब्द उतरवून निलेशला वाचून दाखवला. तो शोधत होता ते 'रिपीटर' म्हणून काही नाहीच. म्हणजे हा नुसता मधे ठेवून, हवेतून पकडून पुढे ढकलणारा नव्हे.
"बघ, मी म्हटलं होतं. जुना आहे तो."
मीपण जुनीच आहे. दुसरा रस्ता सांग म्हटलं.
शेवटी म्हणाला, "वायर टाकावी लागेल. या राउटरपासून त्या राउटरपर्यंत. भिंतीतून. कोण करणार?"

बुध. २० नोव्हें.
जामसंड्याला जाऊन वायर आणली. वीस मीटर, दोन्ही टोकांना प्लग दुकानातच लावून घेतले. दुकानदाराने मशीन लावून आठही दिवे लागतात ते दाखवलं. मग म्हणाला, "काकी, घरात कोण पुरुष माणूस नाय काय?"
"आसा. तेच्याचसाठी नेतंय."
रिक्षात वायरचं वेटोळं मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, जाळ्याची दोरी का?

शुक्र. २२ नोव्हें.
पुढच्या खोलीतून माजघर, माजघरातून मागची खोली. माजघराच्या पहिल्या भिंतीत दाराच्या वर विजेच्या जुन्या वायरचं भोक होतंच, त्यातून गेली. दुसऱ्या भिंतीला काही नाही. स्टुलावर चढले, छिन्नी लावली, हातोडा घातला. चिरा वरून कडक, आत गेलं की लाल भुसा पडतो. डोळ्यांत, पदरात, सगळीकडे.
ठोकाठोक ऐकून बा. भावजी धावत. "वयनी! बापाशीच्या हातची भिंत ती! भोक पाडतास?"
म्हटलं, बोटाएवढं आहे.
"बोटाएवढा असांदे नायतर हाताएवढा. माका विचारूक नको? आणि कित्याक? तेंका भितुर कोंडून ठेवक?"
माझा हात थांबला. खरंच थांबला. तेवढ्यात पलीकडून, मागच्या खोलीच्या बाजूने, ठक. परत ठक. खाली उतरून बघते तर हे. खाटेवर उभे, उजवा खांदा भिंतीला टेकलेला. पहार डाव्या हातात, दाराच्या वर, मी जिथे ठोकत होते त्याच्या बरोबर समोर.
पडतील म्हणून मी ओरडले. भावजींनी जाऊन मागून धरलं. "दादा, उतर. दादा, ऐक रे." यांनी ऐकलं नाही. पहार सटकली, अंगठ्याला लागली, आणि यांच्या तोंडून शिवी. अख्खी. बंदरावरची, तीन पिढ्यांना कवेत घेणारी. एकही अक्षर कमी नाही.
भावजी हसायला लागले. मग हसताहसता खाटेच्या कडेवर बसले आणि तोंडावरून हात फिरवत राहिले. बराच वेळ. "हो आवाज मी तीन महिने आयकूक नाय," म्हणाले.
भोक आरपार झालं तेव्हा भावजीच यांना धरून होते. पण जाताना म्हणाले, "तरी माका पटाक नाय, वयनी."

शनि. २३ नोव्हें.
जोडलं. या टोकाला चालू राउटर, त्या टोकाला काळा. काळ्याला मागे पाच भोकं, चार पिवळी, एक निळं. वायर पिवळ्यात घालायची, निळ्यात नाही, हे नि.ने तीनदा बजावलं. पिवळ्यातच घातली. हिरवे दिवे.
आणि सगळं नेट गेलं. माझं, भावजींचं, सगळं. फोनवर वायफायचा पंखा दिसतो, नेट मात्र नाही. नेमकी त्याच वेळी भावजींच्या सायलीची कॉलेजची ऑनलाईन चाचणी. अर्ध्यावर बंद पडली.
भावजी आले, पुढच्या खोलीतली वायर उपसली, गुंडाळून टेबलावर ठेवली. "आता पुरे," म्हणाले. नेट परत सुरू झालं.
सायलीची माफी मागितली. ती म्हणाली जाऊदे काकी, परत देता येईल. भावजींची माफी मागितली नाही. सायलीचं नुकसान झालं, ती गोष्ट वेगळी. पुरे कोणी म्हणायचं ही वेगळी.
हे जेवताना सारखे वायरकडे बघत होते.

रवि. २४ नोव्हें.
निलेश चिडला. "बघ, तेच होणार होतं. आई, सोड आता. मी येतो तेव्हा करतो."
म्हटलं, मला चूक काय झाली ते सांग. सोडायचं की नाही ते माझ्यावर.
मग सांगितलं त्याने. पहिल्यांदा नीट, घाई न करता. घरात जेवढे फोन आहेत त्यांना राउटर आकडे वाटतो, प्रत्येकाला एक. आता दोन राउटर झाले, दोघे वाटायला लागले. काळ्याकडून आकडा घेतलेल्याला वाट सापडेना, कारण काळ्याच्या मागे रस्ताच नाही. शिवाय दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच.
हे मला कळलं. एका वर्षी अंगणवाडीत मदतनीस नवी आली होती. मी हजेरीचे नंबर दिले, तिनेही तिच्या मनाने दिले. एकाच नंबरची दोन-दोन पोरं, खाऊच्या वेळी रडारड. तिला सांगितलं, बाई, तू पोरं सांभाळ, नंबर मी देईन.
नि. हसला. "हो आई. तेच. काळ्याचं वाटप बंद करायचं आणि त्याचा पत्ता एकाने पुढे सरकवायचा."
मग हे आधी का नाही सांगितलंस?
"वाटलं नाही तुला..." पुढचं सोडलं, वही उघडून लिहायला घेतलं.

सोम. २५ नोव्हें.
क्लास बुडाला. पाचवा. एसेमेस करून मॅडमना सांगितलं, गुरुवारी नक्की. त्यांचं उत्तर, "वाट बघते."
दुपारी काळा एकटाच लावला, वायर न जोडता. आतलं पान उघडलं. पत्त्याचा शेवटचा आकडा एकाचा दोन केला. सेव्ह केल्यावर पान गेलं, घाबरले, मग आठवलं की पत्ताच बदललाय. नवा पत्ता टाकला, उघडलं. वाटपाची खूण काढली. नाव आणि पासवर्ड पुढच्या राउटरचेच ठेवले, म्हणजे फोनला कळायलाही नको तो कोणाकडे आहे. सगळं वहीत लिहून ठेवलं.
वायर मात्र जोडली नाही. आधी पलीकडच्या घरात गेले.
भावजी ओटीवर सुपारी कातरत होते. म्हटलं, उद्या सकाळी दहाला जोडणार आहे. सायलीचं काही नाही ना त्या वेळी? तुमचं नेट गेलं तर त्या क्षणी मीच काढेन. पण काढायची तर मी. तुम्ही हात लावायचा नाही.
"वयनी, माझो विरोध नेटाक नाय."
माहीत आहे म्हटलं.
"दादा माणसांतलो माणूस. तेका तुमी एकटो करतास."
म्हटलं, भावजी, तुम्ही त्यांना माणसांत बसवता आणि माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. तोंडातून काय पडतं ते. त्यांनी ते का सोसायचं? बोलायला लागले की जातील बंदरावर, नाही तर नाही जाणार. पण चुकायचं असेल तर दार लावून चुकू दे त्यांना.
एवढं एका दमात बोलले. घरी येऊन पाणी प्यायले.

मंगळ. २६ नोव्हें.
दहाला जोडलं. पिवळ्यात. दिवे.
भावजींच्या घरात नेट चालू. माझ्या हातातला फोन चालू. पुढच्या खोलीतून चालायला लागले, फोन समोर धरून, पंख्याच्या रेघा मोजत. माजघर, तीन. दारापाशी, दोन. उंबरा ओलांडला, खाटेपाशी गेले, आणि पूर्ण.
यांच्या हातात फोन दिला. निलेशला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसात होता, दोन सेकंदांत आला, स्वच्छ. "बाबा!" म्हणाला. मग मागची खोली, खिडकी ओळखली त्याने. "आई, केलंस?"
यांनी फोन माझ्याकडे वळवला. दाखवायला, की ही बघ.
माझ्या केसांत अजून लाल भुसा होता.

गुरु. २८ नोव्हें.
क्लास झाला. पूर्ण पाऊण तास.
मागच्या खोलीत, दार लावून, हे आणि मी. मॅडमनी कप दाखवलाच नाही. म्हणाल्या, काका, तुमच्या कामातल्या वस्तू आणा. मी आधीच टोपली, बर्फ फोडायचा टोचा, दोरी जमवून ठेवली होती. टोपलीवर सतरा प्रयत्न. 'बावीस' आलं, 'टो' आलं, 'टोप' आलं. मग काहीच नाही. यांनी टोपलीला लाथ घातली. मॅडम तिकडून शांत, "चालेल. परत." परत केलं.
चमत्कार बिमत्कार काही झाला नाही. घाम आला दोघांना. पण फोन पालथा घातला नाही.
शेवटी मॅडमनी विचारलं, काकी, नेटचं कोणी करून दिलं? मी म्हटलं, मीच. यांनी खाटेवर हात आपटला, दोनदा.

सोम. २ डिसें.
आज 'टोपली' आली. आणि 'पाणी'. 'पाणी' आल्यावर मी पाणी आणायला उठले, तर हे हातानेच नको नको. पाणी नको होतं, नुसता शब्द हवा होता.
संतोष येऊन गेला, बिलाची चौकशी करायला म्हणून. खरं तर बघायलाच. काळा राउटर फिरवून फिरवून बघितला. "बाई, हा तुमी केलास?" मग हळूच, "वाटप बंद कसा केलास?" वही दाखवली. फोटो काढून घेतला.
विठू आला होता. पुढच्या खोलीत बसला अर्धा तास. हे बाहेर आले नाहीत. विठू म्हणाला, "वयनी, माझा काय चुकला?" चहा दिला. जाताना मागच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "जयवंता, येतंय रे."
भावजी अंगणातून बघत होते. त्यांनी मला बोलायला पाहिजे होतं, असं वाटलं.
मी यांना हवं ते दिलं. चांगलं ते दिलं का, ते अजून माहीत नाही. पण त्या दिवशी विठूसमोर ओठ जुळवत बसलेला चेहरा आठवला की वाटतं, परत भोक पाडायची वेळ आली तर परत पाडेन.

गुरु. ५ डिसें.
अकराला पाच मिनिटं असताना मी फोन, टोपली, दोरी, वही घेऊन मागच्या खोलीत गेले. स्टूल ओढून बाजूला बसले, नेहमीसारखी. कॉल लागला. मॅडम म्हणाल्या, "नमस्कार काका, नमस्कार काकी."
यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मला कळलं नाही. वाटलं, दार नीट लागलं नाही, म्हणून उठून लावायला गेले. तर मागून दंडाला धरलं, डाव्या हाताने, हळू. उंबऱ्यापर्यंत आणलं आणि बाहेर केलं. मला.
दार लागलं. आतून कडी.
मॅडमचं हसणं ऐकू आलं. मग यांचा आवाज, बारीक. चिऱ्याच्या भिंती. आवाज कळतो, शब्द कळत नाही.
राग आला. खोटं कशाला लिहू. पहार, छिन्नी, जामसंडं, भावजींशी भांडण, आणि मीच बाहेर. दारावर थाप मारायला हात उचललासुद्धा.
मारली नाही.
माजघरात जाऊन बसले. डोक्यावरून वायर गेलेली. तांदूळ निवडायला घेतले. आत काय चाललंय कोण जाणे. मधे एकदा लांबलचक काहीतरी बोलले, वाक्यासारखं चढत गेलं आणि अर्ध्यात थांबलं. मग मॅडम. मग परत हे.
पाऊण तास झाला. तास झाला. भावजी मागच्या पडवीतून आले, विचारलं, "दादा खंय?"
क्लासात आहेत म्हटलं.
"आणि तुमी भायर?"
हो म्हटलं. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. दोघंही दाराकडे बघत. सूप मधे. त्यांनीही तांदूळ निवडायला घेतले.
दार अजून उघडलं नाहीये. हे लिहितेय तोवर तरी नाही.